मादलेनचा घाट आणि वजनाचा हिशेब

फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या पायथ्याशी शाँबेरी नावाचे एक जुने शहर आहे. शहराच्या मध्यभागी एक कारंजे आहे. त्याच्या स्तंभाला टेकून चार दिशांना चार हत्ती उभे आहेत, परंतु प्रत्येकाचा केवळ पुढचा अर्धा भाग घडवलेला आहे. मागचा भाग नसलेले हे हत्ती गावकऱ्यांच्या थट्टेचा विषय झालेले आहेत. मराठी प्रवासी मात्र येथे क्षणभर थबकतो. १८३८ साली उभारलेले हे कारंजे ज्याच्या स्मरणार्थ आहे, तो या गावचा सुपुत्र म्हणजे महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती डी बॉईन. उत्तर हिंदुस्थानात मिळवलेली संपत्ती घेऊन तो मायदेशी परतला आणि त्यातील मोठा वाटा त्याने आपल्या गावाच्या लोकोपयोगी कामांना दिला. आल्प्सच्या सावलीत हत्ती कसे आले, याचे उत्तर असे थेट मराठ्यांच्या इतिहासात सापडते.

याच शाँबेरीतून २ ऑगस्ट २०२५ रोजी स्त्रियांच्या एका सायकल शर्यतीचा आठवा टप्पा सुरू झाला. शर्यतीचे नाव ‘तूर द फ्रान्स फाम’, म्हणजे जगप्रसिद्ध तूर द फ्रान्सची स्त्रियांसाठी असलेली आवृत्ती. त्या दिवशी सुमारे ११२ किलोमीटर अंतर कापायचे होते आणि शेवट होता कोल द ला मादलेन या खिंडीत. ‘कोल’ म्हणजे खिंड. शर्यतीचा निकाल त्या खिंडीने जवळजवळ ठरवून टाकला. त्याबरोबरच तिने एक वादही उभा केला, आणि त्या वादाचा संबंध सायकलीपेक्षा स्वयंपाकघराशी आणि वजनकाट्याशी अधिक आहे.

शाँबेरीहून आगगाडीने निघाले की थोड्याच वेळात मोरिएनचे खोरे लागते. आर्क नदीच्या काठाने रेल्वे, महामार्ग आणि कारखाने एकमेकांना चिकटून धावतात. हे नुसते चित्रातले आल्प्स नव्हेत. येथे ॲल्युमिनियम तयार होते, आणि जगभर विकले जाणारे लाकडी मुठीचे ओपिनेल चाकूही मूळचे याच खोऱ्यातले. ला शांब्र या लहानशा गावी उतरले की मादलेनचा घाट सुरू होतो. पायथा समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आणि माथा २००० मीटरवर आहे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या उंचीचा अंदाज येतो. घाटाची लांबी १८.६ किलोमीटर असून सरासरी चढ आठ टक्क्यांहून थोडा अधिक आहे. कोकणच्या किनाऱ्यावरून निघून थेट महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपर्यंत जावे, तेही एकोणीस किलोमीटरांच्या आत, असा हा मामला आहे.

रस्ता प्रथम वस्तीतून, मग दाट झाडीतून वळणे घेत वर जातो. दर किलोमीटरला सायकलस्वारांसाठी एक पाटी रोवलेली असते. तिच्यावर माथा किती दूर आहे आणि पुढील किलोमीटरमध्ये चढ किती टक्के आहे, हे लिहिलेले असते. या पाट्या धीर देतात की खचवतात, हे चढणाऱ्याच्या त्या वेळच्या अवस्थेवर अवलंबून असते. झाडी संपली की सां-फ्रांस्वा-लाँशां हे हिवाळ्यात बर्फावरील खेळांसाठी गजबजणारे गाव लागते. त्याच्या वर उघडी कुरणे आहेत. तांबूस रंगाच्या गाई चरत असतात आणि त्यांच्या गळ्यातील घंटांचा आवाज दूरवर ऐकू येतो. या गाईंच्या दुधापासून बोफोर नावाचे प्रसिद्ध चीज तयार होते. मात्र ते विरजताना वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, हे शाकाहारी प्रवाशाने ध्यानात ठेवावे. माथ्यावर पोहोचल्यावर आकाश निरभ्र असेल तर दूर माँ ब्लाँचे शिखर दिसते. हिवाळ्यात हा रस्ता बर्फाखाली बंद असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ प्रवासाला उत्तम.

पुरुषांची तूर द फ्रान्स या खिंडीतून प्रथम १९६९ साली गेली. स्त्रियांना मात्र वाट पाहावी लागली. १९५५ साली त्यांच्यासाठी पाच टप्प्यांची एक शर्यत झाली आणि पुढे तिचे सातत्य राहिले नाही. १९८४ साली पुरुषांच्या शर्यतीच्या जोडीने स्त्रियांची अठरा टप्प्यांची शर्यत भरली आणि अमेरिकेची मारियान मार्टिन ती जिंकली. इतके अंतर आणि इतके डोंगर स्त्रियांना झेपणार नाहीत, असे त्या वेळी अनेकांना वाटत होते. पुढची दोन वर्षे इटलीची मारिया कॅनिन्स विजयी झाली. तेव्हा तिचे वय छत्तीस-सदतीस होते आणि ती एका मुलीची आई होती. १९८९ नंतर त्या स्वरूपातील ही शर्यत थांबली. वेगवेगळ्या नावांनी काही शर्यती होत राहिल्या, पण ‘तूर द फ्रान्स’ या नावाला साजेशी शर्यत स्त्रियांना पुन्हा मिळाली ती थेट २०२२ मध्ये. शरीर ‘झेपेल का’ हा जुना प्रश्न आता कोणी विचारत नाही. त्याची जागा दुसऱ्या प्रश्नाने घेतली आहे. हे शरीर ‘किती किलोचे’ असावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न मादलेनसारख्या घाटातच का उभा राहतो, हे समजण्यासाठी थोडे अंकगणित मांडावे लागते. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा विरोधक वारा असतो. तेथे चार किलो अधिक-उण्याने फारसा फरक पडत नाही, पायांतील एकूण जोर महत्त्वाचा ठरतो. चढावर मात्र प्रत्येक किलो वर उचलून न्यावा लागतो. म्हणून या क्षेत्रातील जाणकार एक गुणोत्तर मांडतात. अंशस्थानी पायांनी निर्माण केलेली शक्ती, वॅटमध्ये, आणि छेदस्थानी शरीराचे वजन, किलोमध्ये. एखादी स्त्री साठ किलोची असून तासभर २४० वॅट शक्ती लावू शकत असेल, तर तिचे गुणोत्तर चार झाले. वजन चार किलोंनी घटवून शक्ती तेवढीच राखली तर ते ४.२९ होते. वजन तेच ठेवून शक्ती २५७ वॅटपर्यंत वाढवली तरी जवळपास तेवढेच होते. परंतु वजन घटवण्याच्या नादात उपासमार झाली आणि शक्ती २२० वर आली, तर गुणोत्तर ३.९३, म्हणजे मूळच्याहूनही कमी!

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला यातील मेख चटकन कळेल. एखाद्या पेढीचा भांडवलावरील परतावा वाढवायचा असेल, तर दोन मार्ग असतात. नफा वाढवावा किंवा भांडवल कमी करावे. दुकानात अनावश्यक पडून असलेला माल काढून टाकणे शहाणपणाचेच. पण रोजच्या उलाढालीला लागणारे भांडवल काढून घेऊन कागदावर परतावा चांगला दाखवला, तर ती पेढी एक-दोन वर्षे तेजीत दिसते आणि नंतर अचानक बसते. शरीराचेही तसेच आहे. छेद कमी करणे सोपे, कारण तो रोज सकाळी काट्यावर मोजता येतो. अंश वाढवणे कष्टाचे, कारण त्याला महिन्यांचा सराव, पोटभर अन्न आणि पुरेशी झोप लागते.

अन्नाचाही हिशेब करून पाहावा. पंचावन्न किलोची स्त्री आणि सात किलोची सायकल मिळून बासष्ट किलो वजन दीड हजार मीटर उंच नेण्यासाठी सुमारे ९०० किलोजूल काम करावे लागते. शरीर आपल्या इंधनाचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा अशा कामात रूपांतरित करू शकते, उरलेला उष्णतेच्या रूपाने जातो. म्हणजे या एका घाटासाठी अंदाजे एक हजार कॅलरी खर्ची पडतात. घरगुती मापात सांगायचे तर दहा-बारा पोळ्या. वेगवान स्वार एका तासात चढो की हौशी स्वार तीन तासांत, उंचीचा हा दर कोणालाही चुकत नाही. मग ज्या स्त्रिया लागोपाठ नऊ दिवस शर्यत करतात, त्यांनी ताटातील घास मोजून कमी करणे म्हणजे काय, याची कल्पना करता येते.

तरीही ते घडते, आणि त्याचे परिणाम वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेची सविस्तर दखल घेतली. श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडत राहिले की शरीर काटकसर सुरू करते. मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आजारपण वारंवार येते, मन उदास राहते आणि शेवटी ज्या कामगिरीसाठी हे सारे केले तीही घसरते. पुरुषांनाही हा धोका आहेच. सायकलस्वारांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. धावताना हाडांवर भार पडतो व त्यामुळे ती बळकट होतात. सायकलीवर भार सीट पेलते, त्यामुळे हाडांना तो लाभ मिळत नाही. तरुणपणी, साधारणतः तिशीच्या आत, हाडांत जी घनता साठते ती आयुष्यभराची गंगाजळी असते. ती विशीतच उचलून खर्च केली, तर साठीनंतरच्या घसाऱ्याला तोंड देण्यासाठी हाती काय उरणार?

अमेरिकेच्या मारा ॲबट या स्वाराची कथा या संदर्भात मोलाची आहे. २०१० साली इटलीतील स्त्रियांची सर्वांत मानाची शर्यत, जिरो, तिने जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली अमेरिकन. त्यानंतर खाण्याच्या विकाराने तिला ग्रासले. वजन उतरत गेले, बळही गेले आणि तिने शर्यतींपासून दूर होण्याचा निर्णय घेतला. हे सारे तिने पुढे स्वतःच उघडपणे सांगितले. काही काळाने बरी होऊन ती परतली आणि २०१३ साली तीच शर्यत पुन्हा जिंकली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तर ती जवळजवळ सुवर्णपदकापर्यंत पोहोचली होती. शेवटच्या काहीशे मीटरांत मागून आलेल्या तिघींनी तिला गाठले आणि ती चौथी आली. दोन विजयांच्या मधली ती हरवलेली वर्षे काट्यावरील आकड्याच्या मागे लागण्याची किंमत सांगतात.

आता पुन्हा मादलेनकडे. त्या दिवशी सकाळी पिवळी जर्सी मॉरिशसच्या किम ले कोर्त हिच्या अंगावर होती. संध्याकाळी ती फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्हो हिच्याकडे गेली. तेहतीस वर्षांची ही स्वार २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगचे सुवर्णपदक मिळवून रस्त्यावरील शर्यतींकडे परतली होती. मादलेनवर तिने सर्वांना मागे टाकले, दुसऱ्या दिवशी शातेल येथील शेवटचा टप्पाही जिंकला आणि ३ मिनिटे ४२ सेकंदांच्या फरकाने शर्यत आपल्या नावावर केली. दुसरी आली नेदरलँड्सची डेमी फोलरिंग, २०२३ ची विजेती.

विजयानंतर वजनाचा विषय निघाला. या उंच घाटांसाठी आपण सुमारे चार किलो वजन कमी केले, असे फेराँ-प्रेव्होने लपवून न ठेवता सांगितले. हे शंभर टक्के आरोग्यदायी नाही याची जाणीव होती, परंतु नीट आखणी करून आणि टोकाला न जाता ते केले, नऊ दिवसांनंतरही अंगात बळ होते आणि वर्षभर असे राहायचे नाही, अशी तिची भूमिका होती. फोलरिंगने आपली बाजू वेगळी मांडली. आपली शरीरयष्टी जशी आहे तशी जपत बलवान होण्याचा प्रयत्न आपण करू, विजयासाठी कोणत्याही किमतीवर कृश होणार नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्याकडे अनेक मुली पाहत असतात, ही जाणीवही त्यामागे होती. फ्रान्सच्याच सेद्रीन केरबोलनेही या प्रवृत्तीबद्दल चिंता व्यक्त केली. केरबोलचे म्हणणे दुर्लक्षिता येत नाही, कारण ती स्वतः आहारशास्त्र शिकलेली आहे आणि २०२४ साली याच शर्यतीचा एक टप्पा जिंकलेली आहे.

या वादात एकीला दोषी व दुसरीला आदर्श ठरवणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. फेराँ-प्रेव्होपाशी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि पंधराहून अधिक वर्षांचा अनुभव होता. ध्येय ठरलेले, मुदत ठरलेली आणि परतफेडीची योजनाही ठरलेली. जाणत्या व्यापाऱ्याने हंगामापुरते कर्ज घ्यावे तसा तो व्यवहार होता. धोका आहे तो अनुकरणात. दूरचित्रवाणीवर ती शर्यत पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला विजेतीचा सडपातळ देह दिसतो. त्यामागचा हिशेब आणि मुदत दिसत नाही. ती मुलगी कर्ज घेते, पण परतफेड कशी व केव्हा करायची हे तिला सांगणारे कोणी नसते.

त्याच शर्यतीतील इतर निकाल तिला कोणी दाखवले, तर चित्र बदलेल. नऊ टप्प्यांपैकी पहिला जिंकला अडतीस वर्षांच्या मारियान फॉसने. दुसरा जिंकला स्पेनच्या मावी गार्सियाने, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. पुढचे दोन सपाट टप्पे लोरेना विबेसने आपल्या पायांतील जोरावर मिळवले. शेवटच्या दिवशी तर एकूण क्रमवारीत दुसऱ्या स्थानी असलेली, चढावर अत्यंत चपळ अशी स्वार उतारावर मागे पडली आणि पहिल्या तिघींतूनही बाहेर गेली. उतारावर वळण कापण्याचे कौशल्य कोणत्याही वजनकाट्यावर मोजता येत नाही. जर्सी एक असली तरी ती मिळवण्याच्या वाटा आणि देहाचे घाट अनेक आहेत.

या खेळाच्या नियमांत एक विसंगती आहे, ती येथे नोंदवण्याजोगी आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये. फार हलक्या सांगाड्यामुळे अपघात होऊ नयेत, हा त्यामागील हेतू. सायकलीच्या सांगाड्याची अशी काळजी वाहिली जाते, परंतु तिच्यावर बसणाऱ्या व्यक्तीच्या सांगाड्यासाठी तशी कोणतीही खालची मर्यादा नाही. गिर्यारोहणाशी जवळीक असलेल्या भिंत-चढाईच्या खेळाने २०२४ पासून स्पर्धकांच्या आरोग्य-तपासणीचे नियम लागू केले. सायकलिंगमध्येही तसे काही व्हावे, ही मागणी आता जोर धरत आहे.

शर्यत नसते तेव्हा मादलेनचा रस्ता हौशी लोकांचा असतो. उन्हाळ्यात काही ठरावीक दिवशी सकाळी या परिसरातील घाटरस्ते मोटारींना बंद करून केवळ सायकलींसाठी मोकळे ठेवतात. तेव्हा येणाऱ्या स्त्रियांत विशीतल्या असतात, पन्नाशीतल्या असतात आणि सत्तरीकडे झुकलेल्याही असतात. कोणी सडपातळ, कोणी भरल्या अंगाच्या. बहुतेकींच्या पाठीवरील खिशात केळे किंवा सुक्या मेव्याची वडी असते. अनुभवी स्वार भूक लागण्यापूर्वी खातो आणि तहान लागण्यापूर्वी पितो, हा या घाटाचा पहिला धडा. घाईने चढायला लागलेले तरुण मध्येच दम खात थांबलेले दिसतात आणि हलका गिअर लावून एका लयीत पायडल मारणारी एखादी आजी त्यांना मागे टाकून शांतपणे पुढे जाते.

माथ्यावर खिंडीचे नाव आणि उंची लिहिलेली पाटी आहे. वर आलेली प्रत्येक जण तिच्याशेजारी उभी राहून छायाचित्र काढून घेते. त्या पाटीवर फक्त २००० मीटर एवढेच लिहिलेले असते. चढून आलेलीचे वजन तेथे कोणी विचारत नाही.

मराठी घरांत आता अनेक मुली आणि सुना पहाटे सायकल काढून बाहेर पडू लागल्या आहेत. त्या घामाघूम होऊन परत येतात तेव्हा घरातील मोठी माणसे प्रेमाने, पण नकळत एकच प्रश्न विचारतात, “काय, किती किलो उतरले?” लग्न ठरायचे असेल तर हा प्रश्न अधिकच आवर्जून विचारला जातो. त्याऐवजी “आज कुठवर जाऊन आलीस? मागच्या महिन्यात जो चढ उतरून ढकलत न्यावा लागला होता, तो या वेळी बसून चढलीस का?” असे विचारावे, आणि उत्तर ऐकता ऐकता गरम पोळी तिच्या ताटात वाढावी.